प्रज्ञाची मंगळाची वही

शनिवार, संध्याकाळ

वादविवादाचा विषय होता, माणसाला मंगळावर पाठवावं का. विरळ हवेत जड यान उतरवायचं कसं, याच्या आकृत्यांनी आठवीतल्या प्रज्ञानं वही भरली होती. तरी मी तिला विरोधी बाजू दिली. तिची आई पुंडलिकनगरात धुणीभांडी करते. खर्च, गरिबी, सरकार बदललं की गुंडाळल्या जाणाऱ्या मोहिमा, हे तिच्या तोंडी शोभेल असं वाटलं. शोभेल. काय शब्द सुचला मला.

तिचा पहिला नंबर आला. टाळ्या मीच आधी वाजवल्या.

निघताना तिनं वही माझ्या हातात दिली. "मॅडम, बाजूनं बोलणाऱ्याला द्या. मला आता लागत नाय."

आत्ता उघडली. शेवटच्या पानावर उतरलेलं यान आहे, शिडी आहे. शिडीवर माणूस काढायचा राहिलाय.