काजळी मोजणारा जावई

१४ ऑगस्ट

जावईबापूंनी आज आमच्या बाल्कनीत खोकं बसवलं. माझी खुर्ची उचलून! ते म्हणे हवा ओढतं आणि पांढऱ्या कागदी फितीवर ठिपका पाडतं. ठिपका जितका काळा तितकी हवेत काजळी जास्त. शेजारी आकडाही दिसतो. एवढ्या पदव्या घेऊन हा माणूस काजळी मोजतो — पगार घेऊन. आम्ही ओतशाळेत भट्टीपाशी जन्म काढला, काजळी जेवलो म्हटलं तरी चालेल. कुणी मोजायला आलं नाही.

ही मात्र त्यांचं स्टूल धरून उभी. "नीट बसवा हं, पाणी जायला नको आत." जावयाचं काय ते कौतुक.

२ सप्टेंबर

ठिपके फिकट. पावसानं हवा धुतली जाते, असा जावईबापूंचा शोध. डोंगर पोखरून उंदीर काढला.

१९ ऑक्टोबर

पाऊस संपला, वारा पडला, ठिपके राखाडी. जावईबापूंचा फोन — "बाबा, आकडा चढतोय. बघताय ना?" बघतो की! निवृत्त माणसाला दुसरं काम काय? फोन हिच्याकडे दिला. दोघं बराच वेळ बोलत होती. विषय काय, तर हवा.

२३ नोव्हेंबर

थंडी आली. मला आवडते. अंधार सरायच्या आत घराबाहेर, नदीकाठच्या रस्त्यानं पुलापर्यंत, भरभर, तोंड बंद, छाती पुढे. गेल्या दोन हिवाळ्यांसारखं यंदाही हिला नेतो, नाहीतर गुडघे धरून घरात बसेल. पहाटेची हवा म्हणजे औषध, हे आमच्या वडिलांनी शिकवलं. त्यांच्याकडे खोकं नव्हतं.

आज मुलगी आणि जावईबापू जेवायला आले होते. ताटावर भाषण झालं. थंडीत जमीन रात्रभर गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. ट्रक, बेकरीची चिमणी, वॉचमन लोकांच्या शेकोट्या — सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन तापलं की झाकण उचललं जातं. "म्हणून म्हणतो बाबा, फिरायला दहानंतर जा. निदान आईंना तरी पहाटे नेऊ नका."

दहानंतर फिरतात ते आळशी लोक. मी तसं तोंडावर सांगितलं. ही ताटातले कण टिपत बसली. मुलीनं माझ्याकडे बघून मान फिरवली. असले नाकानं कांदे सोलणारे आमच्या भट्टीसमोर दुपारपर्यंत टिकले नसते.

११ डिसेंबर

सकाळचा ठिपका डांबरासारखा. आकडा पावसाळ्याच्या कितीतरी पट. दुपारी सहज बघितलं तर निम्म्यावर! म्हणजे यंत्रच बिघडलेलं. सकाळी एक बोलायचं आणि दुपारी दुसरं — अशा कामगाराला मी फाटकाबाहेर काढला असता.

१२ डिसेंबर

ही पुलाच्या अलीकडेच कठड्याला धरून उभी राहिली. खोकला. "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश." मी पुलापर्यंत जाऊन परत आलो तरी ती तिथेच. म्हटलं, माणूस बसला की गंज चढतो. हसली. थंडी सोसत नाही, दुसरं काय!

२० डिसेंबर

हिला मफलर आणला. जाड, लोकरीचा. खोकला मफलरनं जातो. जावईबापूंना हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

३ जानेवारी

पुलापाशी बसली ती उठलीच नाही. ओठ निळे पडले. एका टेम्पोवाल्यानं हॉस्पिटलात आणून सोडलं. वाटेत मी काय केलं? मफलर धरून बसलो होतो.

डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षाही लहान. मला विचारते, "दम कधीपासून लागतो यांना?" मी म्हटलं, पंधरा दिवस झाले असतील. तिनं हिच्याकडे पाहिलं. ही मास्कच्या आतून म्हणाली, "दोन वर्षं." दोन वर्षं! आणि मला एका शब्दानं बोलली नाही. बाईमाणसाला देवानं तोंड कशाला दिलंय मग?

"इतक्या धुरात पहाटे हिंडवता होय यांना?" डॉक्टरीण. हिंडवता! जसा काही मी गुरं राखतो. असल्यांच्या तोंडी कोण लागणार.

९ जानेवारी

मुलगी हिला हॉस्पिटलातून थेट आपल्या घरी घेऊन गेली. उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहणार. मला विचारलं नाही. सांगितलं.

१० जानेवारी

पहाटे उठलो. गेलो नाही. गुडघा दुखतो.

१६ जानेवारी

जावईबापू खोकं न्यायला आले. हिच्यासाठी तिकडे लावायचंय म्हणे. म्हटलं, राहू द्या, तुमचं संशोधन अर्धवट राहील. ते पाना फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "संशोधन कुठलं, बाबा? आईंनी मागून घेतलं होतं माझ्याकडून. म्हणाल्या, दम लागतो म्हणून दोन वर्षं सांगतेय यांना, ऐकूच जात नाही. आकडा रोज डोळ्यांसमोर असला तर कदाचित ऐकतील."

खोकं जड होतं. गाडीपर्यंत मीच उचलून नेलं.