कुरकुरलं की तेल

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जिथे मोबाइल गेटवरच काढून घेतात अशी नोकरी तूच शोधून काढू शकतोस. अक्षर बरंच सुधारलंय, की कोणाकडून लिहून घेतलंस?

इकडे दुकान नीट चाललंय. पण आपला जुना लॅपटॉप चालू होत नाही. मागच्या आठवड्यापर्यंत कुरकुरत का होईना चालत होता. आता बटण दाबलं की बारका दिवा लागतो, आतून काहीतरी उठायला बघतं, टुकटुक करतं आणि सगळं गार. दुरुस्तीवाल्याने वरूनच बघून सांगितलं की म्हातारा झालाय, नवीन घ्या. उघडूनसुद्धा बघितलं नाही.

नवीन घेऊ रे. पण यात आप्पांचा आवाज आहे. आजारपणात त्यांचं बोलणं गेलं ते गेलंच. डोकं शाबूत, हात शाबूत, कोटाला खिसा लावतात तो अजून तस्साच, पण तोंडातून शब्द निघत नाही. बोलण्याचे व्यायाम घ्यायला बाई येतात, त्या म्हणाल्या की स्वतःचाच जुना आवाज ऐकत त्याच्यासोबत बोलायला लावलं, तर काहींची गाडी रुळावर येते. मला लगेच आठवलं. मी कोट कापायला शिकत होते तेव्हा मापापासून काजांपर्यंत सगळं आप्पांनी लॅपटॉपसमोर बसून बोलून ठेवलं होतं. तेवढाच त्यांचा आवाज आपल्याकडे उरलाय. फोनवर ते हं आणि बरं यापलीकडे कधी गेलेच नाहीत. बाई म्हणतात, जितका उशीर तितकं अवघड.

तू यंत्रांच्या लोकांत आहेस. कोणाला तरी विचार. आणि आहेस ना अजून तिथेच? की हे पत्र पोचेपर्यंत पाचवी नोकरी?

आप्पांनी तुझ्या पत्रावरून हात फिरवला, तो आशीर्वादच समज. जेवणाची हयगय करू नकोस. लोभ आहेच, तो तिकडूनही येत राहू दे.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे अजून इथेच, आणि अक्षरही माझंच आहे. शाळेत छडीच जास्त मिळाली, म्हणून तेव्हा कोणाला दिसलं नाही.

खोटं कशाला बोलू, जहाजावर माणसं भरतायत असं कानावर आलंय आणि माझे पाय तिकडे वळायला लागले होते. इथलं काम म्हणजे दात्यांना ग्रीस लावणं. आपली अख्खी गल्ली मावेल एवढं पांढरं ताट, त्याला रेडिओ दुर्बीण म्हणतात, आभाळाकडे तोंड करून उभं आहे, आणि त्याच्या खालच्या चाकाच्या दात्यांत मी. ते फिरतं, पण फिरताना दिसत नाही. जेवणाचा डबा उघडतो तेव्हा त्याची सावली पायाशी असते, डबा संपतो तेव्हा गुडघ्यावर. याच्यापेक्षा जहाज बरं, असं वाटायचं.

तुझं पत्र घेऊन मी इथल्या इंजिनियर बाईंकडे गेलो. ताटाचा कान त्या सांभाळतात. हाकलून देतील म्हणून दारातच उभा होतो, तर त्यांनी खुर्ची पुढे केली. बसलो नाही, बसणं आपल्याला कुठे जमतं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या की टुकटुक करतंय म्हणजे मेलेलं नाही, काय दुखतंय ते सांगतंय.

आता त्यांनी सांगितलं तसं कर. चार्जर काढ, खालची बॅटरी काढ, आणि बटण अर्धा मिनिट तसंच दाबून धर. आत मुरलेली वीज निघून जाते. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करून बघ. नाही झालं तर चार्जर पुन्हा काढ आणि पाठीचे स्क्रू खोल. गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं मांडतेस ना, तसे ते कापडावर ओळीने मांड आणि खडूने खुणा कर. आत एक पंखा दिसेल आणि मोजपट्टीच्या तुकड्याएवढी एक हिरवी पट्टी, ती याची आठवण, म्हणजे मेमरी. कशाला हात लावू नकोस, दिसेल ते लिहून पाठव. ऑफिसात तारेचा फोन आहे, पण फोनवर सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. लिहिलेलं बाईंना दाखवता येतं. आणि काही झालं तरी फेकू नकोस. आप्पांचा आवाज आत एका वेगळ्या डबीत असतो. ती काढून दुसरीकडे लावता येते, पण डबी जुनी, उगाच हलवायला नको म्हणाल्या.

ताई, मग त्यांनी एक गोष्ट केली. ताटाला आभाळातून ऐकू येतं ते मला ऐकवलं. कोरं कापड फाडताना येते ना, तशी खरखर, थांबतच नाही. मी म्हटलं यात काय आहे. तर बाई म्हणाल्या की ही खरखर दुसऱ्या आकाशगंगेतून निघाली तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. आणि एवढ्या मोठ्या ताटाने वर्षानुवर्षं पकडलेलं सगळं एका ठिकाणी गोळा केलं, तरी दोऱ्याचा तुकडा जमिनीवर पडतो तेवढाही जोर त्यात भरणार नाही. एवढ्या लोखंडाने मान वाकडी करून बसायचं, मोबाइल बंद, गाड्या लांब, सगळ्यांनी गप्प, कशासाठी, तर दोऱ्याच्या तुकड्याहून हलकं काहीतरी ऐकायला. तेव्हापासून मी दात्यांत वाकलो की आपोआप हळू बोलतो.

आप्पांना शि. सा. न. पत्र सामानाच्या गाडीने निघेल. उत्तर लवकर धाड आणि माझ्या वाटचे धपाटे शिल्लक ठेव.

तुझा भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. सांगितलं तसं सगळं केलं. वीज काढली, नुसत्या चार्जरवर लावलं, तेच टुकटुक. मग कापायच्या टेबलावर पांढरं अस्तर पसरून स्क्रू मांडले आणि झाकण उघडलं. भिंगरी, मला वाटलं आत दोन-चार तारा असतील. आत तर गावच वसलंय रे! वरून बघितलेल्या घरांसारखी काळी घरं, सोन्याचे रस्ते, आणि कुठे एक टाका चुकलेला नाही. मी इतकी वर्षं बारीक कामाचा तोरा मिरवला. एवढं बारीक शिवलंय कोणी?

पण पंख्यात काळा चिकट लोंबा अडकलाय. आमच्या दुकानातली सुतं आणि धूळ असणारच, पण ती कोरडी असते. ही ओलसर आहे आणि त्या हिरव्या पट्टीच्या टोकापर्यंत पसरली आहे. कसलातरी वास येतोय, पण या घराला सतराशे साठ वास, मला काही सुचलं नाही. पाण्याचा नाही एवढं नक्की. थोडा लोंबा कागदात गुंडाळून पाठवतेय, बाईंना दाखव.

आप्पांचं मात्र काही कळत नाही. झाकण उघडल्यापासून सारखे उठून फळीकडे जातात, मशीनच्या तेलाची कुपी आणून माझ्यापुढे धरतात. मी सांगितलं की मशीनला तेल शनिवारी, आज नाही. त्यांनी ती ठेवली, परत उचलली, शेवटी टेबलावर आपटली. आप्पा कधी वस्तू आपटायचे का रे? सांगता येत नाही याचा तो राग. मी आतल्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आले.

लवकर लिही. इकडची काळजी करू नकोस म्हटलं तरी तू करशील, म्हणून म्हणत नाही.

ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंना दाखवायची गरजच पडली नाही. मी ताटाखाली उभा राहून तुझं पाकीट फोडलं, कागदाची घडी उघडली, आणि मी घरी होतो. दुकानात, खुर्चीच्या चाकांपाशी, शनिवारी संध्याकाळी.

ताई, ते आपल्या शिलाई मशीनचं तेल आहे! तू रोज त्यातच बसतेस म्हणून तुला कळलं नाही. माझ्या हाताला इथलं ग्रीस असतं, त्याचा वास वेगळा. आठव, शनिवारी आप्पा कुपी घेऊन घरभर फिरायचे. मशीन, कात्रीचा स्क्रू, दाराची बिजागरी, माझी सायकल. आपल्या घरात कुरकुरलं की तेल. आणि लॅपटॉप कुरकुरत होता, हे तूच लिहिलंयस. त्यांनी त्याच्या जाळीतून थेंब सोडले असणार, मायेने. आणि तू झाकण उघडल्यापासून बिचारे तेच सांगतायत. कुपी दाखवून सांगतायत, आपटून सांगतायत, आणि आपण शनिवार बघतोय.

त्यांना एका शब्दाने बोलू नकोस हं. मी तर थक्क झालोय. शब्द सगळे गेले, तरी माणूस गप्प बसला नाही.

हे सांगितलं तेव्हा बाई पोट धरून हसल्या, मग डोळे पुसले. म्हणाल्या की बरं झालं तेल होतं, त्याने वीज इकडची तिकडे पळत नाही. नुसती सुतं धरून ठेवली आणि पट्टीचे दात मळवले. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आण. चार्जर आणि बॅटरी लावू नकोस. खडू झाडायच्या मऊ ब्रशने पंखा साफ कर, स्पिरिटच्या बोळ्याने पूस. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर सरकव, ती आपोआप वर येईल. तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घास आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसव. सगळं पूर्ण वाळू दे, मगच वीज.

जहाजाची माणसं भरून झाली. मी गेलो नाही. कारण विचारू नकोस, मलाच नीट माहीत नाही.

आप्पांचे पाय माझ्या वतीने धर. थोरलेपणाने सांभाळून घे, नेहमीसारखं.

भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी आप्पांच्या हातात कुपी दिली आणि विचारलं की यात घातलंत का. त्यांनी लॅपटॉपच्या जाळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि मान खाली घातली. मी त्यांना जवळ घेतलं. बापाला जवळ घ्यायला मी किती वर्षं लावली.

मग दोघांनी मिळून साफ केलं. पंखा आप्पांनी पुसला, पट्टी मी. दुपारी वाळवलं, उन्हं भिंतीवर आली तेव्हा बटण दाबलं. पंखा फिरला, आवाज नाही की कुरकुर नाही, आणि पडदा उजळला. तारीख मात्र तू शाळा सोडलीस त्याच्याही आधीची दाखवत होता. आम्ही दोघं त्या उजेडाकडे बघत उभे. मला तुझी खरखर आठवली.

आप्पांचा आवाज लावला. कापड ओढू नका, कात्री पळवू नका, तिला चालू द्या, असं ते यंत्रातून सांगत होते. आणि खुर्चीतले आप्पा टेबलावर तळहात ठेवून ऐकत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कितीतरी वेळ तसंच. मागे कसलीतरी किरकिर येत होती. मग लक्षात आलं, तो तू. चाकाच्या खुर्चीवर गोल गोल फिरत होतास. यंत्रातले आप्पा खांद्याच्या मापावर आले आणि तिथेच थांबून ओरडले, अरे भिंगऱ्या, असं. त्याच वेळी खुर्चीतल्या आप्पांनी हात वर केला. मला वाटलं दमले, म्हणून मी घाईने यंत्र थांबवलं.

खोली शांत झाली. आणि त्या शांततेत पुढचं वाक्य आलं. बस की रे जरा एका जागी.

जाड, वाकडं, शेवटचा शब्द घसरलेला, पण अख्खं. मी यंत्राकडे बघितलं, ते थांबलेलंच होतं. आप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू दुसऱ्याच कोणीतरी बोललं. मग त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. मशीनला म्हटलं, दाराला म्हटलं, माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा म्हटलं, तो बिचारा बसला.

व्यायामाच्या बाई म्हणतात, एक वाक्य आलं, आता बाकीची वाट काढतील. सगळ्यांचा लोभ घे.

ताई


१८ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र डबा खाताना आलं. ती वाचून दाखवेलच, म्हणून तुम्हालाच लिहितो.

ते वाक्य मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलं की ते माझं नावच आहे असं वाटायचं. त्याच्यापासून पळत पळत मी इतका लांब आलो. आणि सगळे शब्द गेले तरी तेवढं तुम्ही जपून ठेवलं होतं. इंजिनियर बाई म्हणतात की लांबून येणारा आवाज बारीक होतो, पण संपत नाही. कान लावून बसणारा कोणीतरी लागतो.

पत्र संपल्यावर मी ताटाखालच्या पायरीवर बसलो. सावली पायाशी होती. ती गुडघ्यावर आली, मग छातीवर आली, मग माझ्यावरून पुढे निघून गेली. आप्पा, आज मी पहिल्यांदा ते ताट फिरताना बघितलं. ते दिसतं. फक्त आपण हलायचं नाही.

सुट्टी मंजूर झाली की येतो. तोवर त्या वाक्याला तेल घालत राहा. मला समोर बसवून पुन्हा एकदा ओरडा, मी उठणार नाही.

तुमच्या आवाजाचा लोभ असणारा,
भिंगऱ्या