नकारानंतर तांब्याभर पाणी

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण परवा मला तुमचाच राग आला. तुमच्यामुळं माझं लग्न मोडलं, असं आईवर ओरडलो. ती भाकरी थापत राहिली.

तुम्ही मला पालीला नेलतं तो दिवस आठवतोय. उन्हात आपण घरोघर येशूची गोष्ट सांगत हिंडतोय. ओसरीवरचा एक म्हातारा तुम्ही दिलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक अंगणात भिरकावतो. "आमचे देव काय मेलेत व्हय?" तुम्ही पुस्तक उचलता, धूळ झटकता आणि म्हणता, "बरं दादा. तांब्याभर पाणी मिळंल का?" रस्त्यात मी तुमच्यावर उखडलो. "हाकललं त्यानं, अन् तुमी पाणी मागता? कावून?" तुम्ही म्हणालात, "माझं सांगणं नको म्हणला तो. मीच नको झालो, हे मी कशाला ठरवू?" दरवेळी नकार मिळाला की तुम्ही पाणी मागायचात. मला ती लाचारी वाटायची.

परवा सिरसाळ्याला गेलतो, माझ्या कॉलेजातल्या एका पोरीच्या घरी, तिला मागणी घालायला. घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं, तेव्हा रागात मीही सोडलं होतं. तिचे वडील किराणा दुकानवाले. म्हणाले, "पोरगा कामाचा हायेस. ते येशूबिशू सोड, पोरगी देतो." ती दाराआड उभी. नुसतं हो म्हणायचं होतं, बाबा! "काका, ते न्हाई सुटायचं," म्हणालो, आणि तुम्ही गेल्यावर येशूनं मला कसं सावरलं ते सांगू लागलो. "पुरे. ऊठ." उठलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, डोकं नुसतं भणभणत होतं, आणि तिथूनच परत फिरलो. ते दारातच होते. "आता काय बे? भांडायला आलास?"

"न्हाई काका. पाणी पाहिजे."

ते बघतच राहिले. मग स्वतः आत जाऊन तांब्या घेऊन आले. "लई ऊन हाय. बस जरा." बसलो. तांब्या रिकामा करूनच उठलो.

आता तिला केजचं स्थळ आलंय म्हणे. तिच्या वडिलांसाठी मी रोज प्रार्थना करतो, तुम्ही लोकांसाठी करायचात तशी, नाव घेऊन. तिच्यासाठीही करतो. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून खरं लिहितो: त्या केजवाल्यासाठी मात्र अजून तोंड उघडत नाही.