रिकामा ट्रे

मंगळवार, संध्याकाळ. अंजनगाव.

बेडूक कापायचा मेणाचा ट्रे आज टेबलावर मुद्दाम रिकामा ठेवला. आमचे विभागप्रमुख वानखडे सर दारातूनच म्हणाले, "मॅडम, बेडूक कापल्याबिगर पोरायले हृदय काय समजन?" मी पोरींना जिना चढायला-उतरायला लावला, मग स्टेथोस्कोप एकमेकींच्या छातीला.  शेवटी स्टेथोस्कोप सरांच्याच हातात दिला. आगाऊपणा झाला का? नाही. सरांनी तो स्वतःच्या छातीला लावला आणि घंटा झाली तरी काढला नाही. "मॅडम, माहा एखादा ठोका मधीच गळून राहिला."

उद्या ते अमरावतीला डॉक्टरकडे जाताहेत.

ट्रे धुऊन कपाटावर टाकला. आता खाली काढायचा नाही.