रात्रीची पांढरी गोळी

४ मार्च
विमा कंपनीचं पत्र. वयाची मर्यादा ओलांडली, पॉलिसी बंद. वर 'उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा'. आजारी पडायचं वय आलं आणि त्यांनी हात वर केले! इंग्रजी तर असं, की आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.

५ मार्च
डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची नवी गोळी दिली. रात्री झोपताना. महिन्याचे साडेसहाशे, आता सगळे पदरचे.
केमिस्ट म्हणाला, "आजी, जेनेरिक घ्या ना. नव्वदला येईल."
"आजी कोणाला म्हणतोस? आणि नव्वदात काय, खडू देणार?"
"औषध तेच, मॅडम. फक्त नावाचे पैसे वाचतात."
विमा होता तोवर हे कोणी बोललं नाही. घेतली. पांढरी, चपटी, गरीब चेहऱ्याची गोळी.

६ मार्च
लेकीचा फोन. "आई, जिवाशी खेळ कशाला? मी पाठवते पैसे." म्हटलं, तुझे पैसे तुझ्या संसाराला ठेव.

९ मार्च
हे स्वप्नात आले.
जाऊन सहा वर्षं झाली, एकदा फिरकले नाहीत. काल मात्र लख्ख. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजचा हॉल – जिथे मी नोकरीभर कानाला हेडफोन लावून बसले. पण बोर्डांच्या जागी झाडं. हे शिडीवर चढून फांद्यांत वायरी खोचत होते, नुसत्या गंजीफ्रॉकवर. खाली फरशीवर उजेड पाण्यासारखा हलत होता. म्हटलं, "सदरा घाला, बायका काम करतायत." हे हसले.
या माणसाने घरातला एक दिवा कधी बदलला नाही.

१३ मार्च
रोज येतात. पूर्वी जेवायला तीन हाका माराव्या लागत.
परवा एका लांबच लांब व्हरांड्यातून चाललो होतो. व्हरांडा संपतच नव्हता आणि आम्हाला घाईही नव्हती. काल नुसते शेजारी बसले. जाग आली तेव्हा त्यांच्या बाजूची उशी ऊबदार वाटली. वाटली, एवढंच लिहिते.
हल्ली संध्याकाळपासून झोपेची वाट बघते. या वयात!

१८ मार्च
केमिस्टला सहज विचारलं. "हो मॅडम, या औषधाने काहींना स्वप्नं पडतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा."
त्रास म्हणे. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम विकत घेतल्या. नव्वदात महिनाभर नवरा, तोही न कुरकुरणारा. महाग नाही.

२६ मार्च
जिन्यात भोवळ आली. कठडा होता म्हणून वाचले. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली ती सोडेचनात. "फार मंद झालीय. ही गोळी तुम्हाला चालायची नाही. आठवडाभर अर्धी, मग बंद. दुसरी नंतर बघू."
"आणि स्वप्नं?"
"ती जातील," म्हणाल्या. मला धीर द्यायला!
लेक म्हणाली, "बघ, स्वस्तातलं." साडेसहाशेच्या गोळीनेही हेच झालं असतं, पण तिला कोण सांगणार. तिच्या आवाजात रडू होतं.

२८ मार्च
अर्ध्या गोळीत अर्धेच आले. लांब, पाठमोरे.

२ एप्रिल
शेवटची अर्धी. मनात आलं, अख्खी घ्यावी, कोण बघतंय? पाकीट मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मग लेकीचा तो आवाज आठवला.
रात्रीची अर्धी बाजूला ठेवून उरलेली सगळी पाकिटं केमिस्टकडे नेली. "परत नाही घेत, मॅडम."
"पैसे मागितले का मी? फेकून दे. माझ्या घरात नको."
त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठेवून घेतली.

४ एप्रिल
रात्रभर छत दिसलं.

९ एप्रिल
आठवडा झाला, पोटात एकही गोळी नाही. तरी पहाटे हे आले. दाराशी चपला काढून, नेहमीसारखे. फुकट.