चिमटीतलं तेल

शिरूर
दिवाळीच्या आधीचा रविवार

प्रिय विशू,

भाऊबीजेला ये म्हणून तुझा फोन आला तेव्हा मी तेलं तपासायच्या प्रयोगशाळेत होते, म्हणून नुसतं 'बघू' म्हणाले. तू म्हणालास, "ताई, झालं गेलं. आमी कुणी मनात ठेवलं न्हाई. आप्पा बी आता काय बोलत न्हाईत." तुझा आवाज मोकळा होता. त्या मोकळ्या आवाजामुळेच हे पत्र लिहिताना मी दोनदा थांबले.

मागच्या हंगामाच्या सुरुवातीला कासुर्डीच्या आपल्या गुऱ्हाळावर, ऊस पिळायच्या चरकाच्या गिअरबॉक्ससाठी मी सुचवलेलं सिंथेटिक तेल आलं होतं. आप्पांनी नेहमीसारखा थेंब चिमटीत चोळला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्ये तर पानी हाय! लेकीनं कालेज शिकून आमाला पानी इकत घ्यायला लावलं." सगळे हसले. मीही हसले. मग तुला बाजूला घेऊन समजावलं, की चिमटीत असा दाब असतो तरी किती? गिअरच्या दात्यांमध्ये एवढा दाब येतो की हेच तेल तिथे क्षणभर मेणासारखं घट्ट होतं. थंडीत वाहतं म्हणून सुरू करताच बेअरिंगपर्यंत पोचतं, आणि तापल्यावर जुन्या तेलासारखं पातळ होऊन अंग सोडत नाही. तू मान डोलावलीस.

जानेवारीतल्या एका गार सकाळी बेअरिंग जळून चरक अडकला. चरकावरचा गडी पोपट अडकलेला ऊस ओढून काढत होता, रूळ अचानक फिरले आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. दौंडच्या दवाखान्यात त्याची बायको जाईबाई रडत होती. तिच्यासमोर तू म्हणालास, "ताईनंच सांगितलं हुतं त्ये तेल."

मलाही तेच वाटत होतं. भाराचा अंदाज चुकला का? तेलाची प्रत चुकली का? तेव्हापासून डायरीत दुसरं काही लिहिलं नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्समधलं बाटलीभर तेल मी सोबत आणलं होतं, पण तपासायचा धीर झाला नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटात डब्यांमागे ठेवून दिलं.

परवा शिरूरच्या बाजारात पोपट दिसला. पिशवी डाव्या हातात होती. मीच नजर चुकवली, तर तो जवळ येऊन म्हणाला, "ताई, तोंड कशाला लपिवता? तेल पातळ निघालं, त्यात तुमचा काय दोस? भाजी घ्या, आज सस्ती हाय."

त्याने मला माफ केलं, विशू. मी घरी जाऊन बाटली काढली.

प्रयोगशाळेत तपासलं, तर चाळीस अंशाला ते इतकं जाड होतं की काचेच्या नळीतून उतरता उतरेना. शंभराला एकदम सैल पडलं. एवढा फरक त्या सिंथेटिक तेलात पडत नाही. मी पुन्हा तपासलं, कारण मला हवं असलेलं उत्तर आलं की मला त्याचीच शंका येते. तेच आलं. माझं तेल काढून तुम्ही जुनंच जाड तेल भरलंत. थंडीत ते बेअरिंगपर्यंत पोचलंच नाही.

आप्पांच्या शब्दाबाहेर तू जात नाहीस, हे मला समजतं. तेल बदललंस याचा राग नाही. पण दवाखान्यात माझं नाव घेतलंस तेव्हा तुला माहीत होतं.

आप्पांना काही सांगू नकोस. फक्त पोपटला खरं सांग, आणि तेही जाईबाईसमोर. मग मी भाऊबीजेला येईन, ओवाळण्याचं ताट इथूनच घेऊन येईन. नाही सांगितलंस तर माझी वाट बघू नकोस. जी चूक मी केलीच नाही तिची माफी घ्यायला मला माहेरी यायचं नाही. पोपटला मीच सांगितलं असतं, पण तो ऐकून घेईल, मान डोलावेल आणि मला पुन्हा एकदा माफ करेल.

अजून तरी तुझीच,
तेजूताई