गार सोफी आणि उणे शून्य पूर्णांक चार

६ एप्रिल. सकाळी ७.१०. +८.४
ही वही फक्त माझ्यासाठी. भावना लिहायच्या नाहीत. आकडे लिहायचे, तारखेपुढे बागेतलं तापमान.
आज लेख छापून आला. मुद्दा साधा: हवामान बदललेलं नाही, थर्मामीटरच्या जागा बदलल्या आहेत. पूर्वी ते शेतात असत, आता डांबराशेजारी असतात. सेन्सर तपासून प्रमाणित करणं हे माझं सहा वर्षांचं काम आहे. मला हे कळतं. विद्यापीठातल्या लोकांना कळत नाही, कारण त्यांनी कधी स्क्रू पिळलेला नाही.
वर्तमानपत्रातला बागेचा हा स्तंभ बाबा बावीस वर्षं लिहीत होते. ते गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मी लिहिते. वाचकांची पत्रं कमी झाली आहेत. समाधानी माणूस पत्र लिहीत नाही.

९ एप्रिल. +११.०
कुंपणापलीकडच्या कुलिकेने टोमॅटोची रोपं बाहेर लावली. एप्रिलमध्ये! तो ट्राम चालवायचा, आता निवृत्त आहे. मी त्याला शांतपणे सांगितलं की अकरा मेपासून पाच हिमसंत येतात, म्हणजे संतांच्या नावाचे थंडीचे पाच दिवस, शेवटची गार सोफी पंधराला. ती गेल्याशिवाय हाल्ले शहरातला शहाणा माणूस टोमॅटो बाहेर काढत नाही. तो म्हणाला, संतांची गाडी रद्द झाली, इंजिनियरबाई, सहा वर्षं थांब्यावर उभा राहून पाहिलं.
निश्चय: कुलिकेशी वाद घालायचा नाही.

१० एप्रिल.
कुलिकेशी वाद. पन्नास मिनिटं. माझी बाजू वरचढ. तो मधेच पाणी घालायला निघून गेला, यावरून ते सिद्ध होतं.

१८ एप्रिल. +१३.६
संपादक डोरनबुश यांचा फोन. खूप सभ्य बोलले, म्हणजे काहीतरी आहे. 'नव्या हवामानातली बाग' असं एक सदर त्यांच्या डोक्यात आहे. अंजीर वगैरे. माझ्या स्तंभाच्या जागी. निर्णय गार सोफीनंतर.
मी म्हटलं, सोफीच निर्णय देईल. ते हसले. मला ते पाठिंब्याचं हसणं वाटलं.

२० एप्रिल.
लेखात लिहिलं: पंधरा मेपर्यंत माझ्या बागेत पारा शून्याखाली गेला नाही, तर मी झाडू खाईन. पैजेवर आपल्याकडे सगळेच असं म्हणतात आणि आजवर कोणी खाल्लेला नाही. धोका शून्य.

२१ एप्रिल.
फ्राउ पेट्झोल्ड यांचा फोन. वय एक्क्याऐंशी, आमच्या बागांच्या वसाहतीत कोपऱ्यावरची बाग. बाबांच्या पहिल्या लेखापासूनची कात्रणं त्यांनी बुटांच्या खोक्यात ठेवली आहेत. म्हणाल्या, तू लिहिलंस म्हणजे थंडी पडणारच, पोरी. बुद्धिमान वाचक. सध्या एकच.

५ मे. +१६.२
माझी साठ रोपं खिडकीत आहेत. उंची ४८ सेंटिमीटर, रंग पिवळा, तीन आडवी. कुलिकेच्या रोपांना फुलं आली आहेत. त्यानं मला आवर्जून बोलावून दाखवली. मी म्हटलं, फूल हा पुरावा नाही. तो म्हणाला, बरोबर, पण दिसायला बरं असतं.

११ मे. पहिला संत. +१०.१
फाटकाला एक झाडू बांधलेला. बर्चच्या काटक्यांचा. चिठ्ठी: 'भूक ठेवा.'
लेख लोकप्रिय होत आहे.
आजच्या लेखात पंधराच्या पहाटे थंडी निश्चित, असं लिहिलं आहे. 'निश्चित' या शब्दावर डोरनबुश अडले होते. मी अडले नाही.

१२ मे. दुसरा संत. +९.८
झाडू: चार.
बाबांच्या हवामानपेटीतला सेन्सर जमिनीपासून दोन मीटरवर आहे. टोमॅटो दोन मीटरवर राहत नाही. सेन्सर पाच सेंटिमीटरवर आणला. ही फसवणूक नव्हे, हे रोपाच्या बाजूने पाहणं आहे.

१३ मे. तिसरा. +८.९
झाडू: नऊ. पैकी एक टॉयलेटचा. हा विनोद नव्हे.
सेन्सर कंपोस्टमागच्या खड्ड्यात नेला. थंड हवा जड असते, खाली साचते. हे भौतिकशास्त्र आहे. कुलिके कुंपणावर टेकून बघत होता. म्हणाला, अजून खाली गेलात तर उलट गरम लागेल, इंजिनियरबाई, तिथं वेगळे संत असतात.

१४ मे. चौथा. +७.७
फ्राउ पेट्झोल्ड यांचा फोन. कंद मातीखाली सुरक्षित असतात, असं मी लिहिलं होतं, त्या भरवशावर त्यांनी डेलियाचे कंद बाहेर लावले होते, आता कोंब वर आलेत. ते गेलेल्या नवऱ्याच्या हातचे, त्यामुळे काळजी. विचारत होत्या, संध्याकाळीच चादरी घालून ठेवू का? मी सांगितलं, संध्याकाळी घातल्या तर ओल धरतात. किमान तापमान सूर्योदयाच्या जरा आधी असतं, तेव्हा साडेचारला उठून घाला. त्या म्हणाल्या, साडेचार म्हणजे नक्की साडेचार ना? मी म्हटलं, चार पस्तीससुद्धा चालेल.
अचूक सल्ला देण्यात एक समाधान असतं.

१५ मे. गार सोफी. +६.८
किमान. खड्ड्यात.
फ्राउ पेट्झोल्ड चादरी घेऊन येताना ओल्या फळीवरून घसरल्या. खुबा मोडला. सहाच्या सुमारास कुलिके आला तेव्हा त्याला दिसल्या. चादरी त्यांच्या अंगाखाली होत्या, डेलिया उघडेच.
आकडे पाहिले. साडेचारला +६.९. म्हणजे त्या दीड तास जमिनीवर होत्या तेव्हा थंडी नव्हती. एका अर्थी ते त्यांच्या पथ्यावर पडलं.
फळी माझी नव्हती.

त्याच दिवशी, दुपारी ३.२०
डोरनबुश यांना आकडा फोटोसकट हवा आहे. सेन्सरबद्दल मला शंका आहे. शंका असेल तर सेन्सर ज्ञात थंडीत तपासावा, असं आमची हस्तपुस्तिका सांगते. वसाहतीच्या सभागृहातल्या सामायिक फ्रीझरमध्ये ठेवला. +१२. +६. +१. उणे ०.४ ला फोटो घेतला.
थांबले असते तर उणे अठरा मिळालं असतं. थांबले नाही. याला प्रामाणिकपणा म्हणतात.
फोटोखाली काय लिहायचं हे वर्तमानपत्राचं काम. मी फक्त 'उणे ०.४, १५ मे' एवढंच लिहून पाठवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१८ मे. +१२.३
छापून आलं. अर्धं पान. 'गार सोफी आलीच.' सकाळपासून एकही नवा झाडू नाही. बाबांच्या पेटीवरची धूळ पुसली.
संध्याकाळपर्यंत पत्र: ०. समाधान पसरत आहे.

१९ मे.
कुलिकेने कात्रण आणून फाटकाला लावलं. फोटोत सेन्सरमागचा हिरवा कोपरा लाल पेन्सिलीने घेरला होता. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला,
"ते वाटाण्याचं पाकीट माझं आहे, इंजिनियरबाई. नातवाच्या वाढदिवसाला आणलं होतं."
मी म्हटलं, पार्श्वभूमीचा मापनाशी संबंध नसतो.
तो म्हणाला, "खुब्याचा असतो का?"
प्रश्न तांत्रिक नव्हता.

२० मे.
झाडू: एकतीस. काहींना वाटाण्याचं पाकीट बांधलेलं. पाकिटं वितळून फाटकाखाली हिरवं पाणी.
डोरनबुश यांनी सेन्सरची पूर्ण नोंद मागितली. मी म्हटलं, कच्च्या आकड्यांनी वाचक गोंधळतो. ते म्हणाले की नवं सदर शनिवारपासून सुरू होतंय, आणि मी फार मनाला लावून घेऊ नये. घेतलं नाही. लिहिणार कोण, असं सहज विचारलं.
कुलिके.
वर्षभर तो त्यांना अंजिरं पाठवत होता म्हणे. मी आकडे पाठवत होते.

२२ मे. +१४.०
निश्चय: पुस्तक लिहायचं. स्तंभात विचाराला जागा अपुरी पडत होती. डोरनबुश यांनी एका अर्थी मोकळं केलं.
साठपैकी अठ्ठावन्न रोपं मेली. खिडकीतली. उरलेल्या दोघांत जोम आहे.

२४ मे. दुपारी ४.००. रुग्णालय, वॉर्डमध्ये +२३.५
जायचं ठरवलं नव्हतं. ट्राम त्याच रस्त्याने जाते.
फ्राउ पेट्झोल्ड लहान झाल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, घरी एकट्या राहता येणार नाही, बाग सोडावी लागेल. उशाशी बुटांचं खोकं. झाकण बंद.
त्यांनी विचारलं, "थंडी पडली ना, पोरी?"
एक उत्तर +६.८ होतं. ते माझ्याकडे सेन्सरच्या छापील नोंदीसह होतं, पर्समध्ये.
मी म्हटलं, "उणे शून्य पूर्णांक चार."
"मग ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी उगाच पडले असं झालं असतं."
मी म्हटलं, नाही, उगाच नाही. त्यांनी मान डोलावली आणि बागेतल्या खोपटाची किल्ली माझ्या हातात दिली. दाराशी झाडू आहे, म्हणाल्या, मला आता झाडता येणार नाही, तू घेऊन जा. मी म्हटलं, माझ्याकडे आहेत. पुष्कळ.
"हा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मऊ आहे."

त्याच दिवशी, ६.४०
झाडू घेऊन ट्राममधून आले. कोणी हसलं नाही. दोन माणसांनी उठून जागा दिली.
घरी आल्यावर वजन केलं. ६४० ग्रॅम. दांडा सोडून २१०.
मऊ असल्याचं त्यांनी मुद्दाम का सांगितलं, कळलं नाही.